अवाढव्य, भव्य आणि थोर
(अमेरिकेतील रस्त्याकाठच्या महाकाय वस्तूंविषयी)

मोठेपणासाठी मराठीने एक नव्हे, चांगले पाच-सहा शब्द राखून ठेवले आहेत आणि त्यांची सरमिसळ आपण सहसा होऊ देत नाही. घर मोठे असते, मंदिर भव्य असते, पूर प्रचंड असतो. एखाद्या लठ्ठ देहाला आपण हसत हसत अगडबंब म्हणतो. आणि ज्या वस्तूच्या आकाराला प्रयोजनच सापडत नाही, तिला अवाढव्य म्हणून मोकळे होतो. 'थोर' हा शब्द मात्र आपण वस्तूंच्या वाट्याला जाऊ देत नाही. तो माणसांसाठी आहे. 'थोर भोपळा' असे कोणी म्हणाले तर घरातले लहान मूलही हसेल.

गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मध्यभागातील ग्रामीण रस्त्यांवरून आठवडाभर हिंडताना हे शब्द मला सारखे चाळवत राहिले. त्या रस्त्यांच्या काठी अशा भोपळ्याच्या जातीच्या वस्तूंचे जणू एक उघडे दालनच मांडलेले आहे. कुठे पंचावन्न फुटांचा हिरवा राक्षस, कुठे घराएवढा सुतळीचा गुंडा, कुठे कणसांनी मढवलेला महाल, तर कुठे ऐंशी फूट लांबीचा सिमेंटचा डायनोसॉर. एरवी या वस्तूंची दखल प्रवासवर्णनातील एखाद्या विनोदी परिच्छेदापलीकडे कोणी घेत नाही. कलासमीक्षेत त्यांना जागा असावी का, हा प्रश्नच पुष्कळांना हास्यास्पद वाटेल. मलाही तो आरंभी तसाच वाटला होता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या हसण्याचा मी स्वतःकडे मागितलेला जाब आहे.

माझा भाचा मिनियापोलिसला स्थायिक झाला आहे. त्याची आठ वर्षांची मुलगी या सफरीची खरी मार्गदर्शक होती. कोणत्या गावात कोणती 'जगातली सर्वांत मोठी' वस्तू आहे, याची यादी तिने वहीत लिहून ठेवली होती. पहिल्याच दिवशी मी काहीशा कुचेष्टेने म्हणालो, "एवढ्या लांब येऊन आपण सुतळी बघायला चाललो आहोत होय!" त्यावर भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, या देशात आलो तेव्हा इथे माझ्या ओळखीचे कोणी नव्हते. सुट्टीच्या दिवशी जायला घर नव्हते. या वस्तू फुकट होत्या, आणि तिथे उभा असलेला प्रत्येक माणूस आपण होऊन बोलायचा. तुम्ही हसा, पण आधी उतरून बघा." त्याच्या या शेवटच्या वाक्यात समीक्षेची एक कसोटी दडलेली आहे, हे मला पुढे कळले.

या वस्तूंविषयीचा वाद तसा जुना आहे आणि त्याचे मूळ एका बदकात आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बदकपालनाचा धंदा भरभराटीस आलेला असताना मार्टिन मॉरर नावाच्या शेतकऱ्याने १९३१ साली आपले दुकानच बदकाच्या आकाराचे बांधून घेतले. सुमारे वीस फूट उंच, तीस फूट लांब, लाकडी सांगाड्यावर जाळी आणि सिमेंट. डोळ्यांच्या जागी त्याने फोर्ड मोटारीचे मागचे दिवे बसवले. बदकाच्या पोटात शिरावे आणि बदके व अंडी विकत घेऊन बाहेर यावे! १९६४ साली वास्तुविशारद पीटर ब्लेक यांनी अमेरिकेच्या विद्रूप होत चाललेल्या भूमीवर एक संतप्त पुस्तक लिहिले. रस्त्याकाठच्या या बाजारू पसाऱ्याला त्यांनी देवाच्या अंगणातला भंगारवाडा ठरवले आणि त्याचा पुरावा म्हणून या बदकाचे छायाचित्र छापले.

पुढे १९७२ साली रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राऊन आणि स्टीव्हन आयझेनूर यांनी लास व्हेगासवरच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात तेच बदक उचलले आणि त्यातून एक सिद्धान्त बांधला. इमारती दोन प्रकारच्या असतात, असे त्यांचे म्हणणे. काही इमारती स्वतःच चिन्ह बनतात, त्या 'बदक'. काही साध्या खोकड्यासारख्या असून पुढे पाटी लावून बोलतात, त्या 'सजवलेली छपरी'. रस्त्याकाठच्या सामान्य वास्तूला तुच्छ लेखण्यापूर्वी ती काय सांगते ते वाचायला शिका, असा त्यांचा आग्रह होता. गंमत अशी की, बदकाची बाजू घेतल्यासारखे वाटत असूनही त्यांचा कल छपरीकडेच होता. आधुनिक वास्तुविशारद स्वतःला गंभीर समजून नकळत बदकेच बांधत आहेत, असा टोला त्यांना मारायचा होता. आज ते बदक सरकारी जतनाखाली आहे आणि १९९७ साली त्याची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली आहे.

या दोन्ही पक्षांचे ऋण मान्य करूनही मला एक उणीव जाणवते. ब्लेक यांचा राग काय किंवा व्हेंचुरी मंडळींचे कौतुक काय, दोन्ही मोटारीच्या काचेतून केलेली आहेत. वस्तू धावत्या गाडीतून कशी दिसते, एवढाच प्रश्न तेथे आहे. माझ्या भाच्याची कसोटी याहून वेगळी होती: गाडी थांबवून, खाली उतरून, हात लावण्याइतके जवळ गेल्यावर त्या वस्तूत काही उरते का? पुढील विवेचन मी या एका प्रश्नाच्या आधारे करणार आहे.

दक्षिण मिनेसोटातील ब्लू अर्थ गावचा हिरवा राक्षस घ्या. मटार आणि मका डबाबंद करून विकणाऱ्या एका प्रसिद्ध उत्पादनाचे हे बोधचिन्ह. साडेपंचावन्न फूट उंच, फायबरग्लासचा, कमरेवर हात ठेवून हसणारा. त्याच्या जन्माची कथा मात्र हसण्याजोगी नाही. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या नव्वद क्रमांकाच्या महामार्गाचा मिनेसोटातील शेवटचा टप्पा १९७८ साली याच गावाजवळ पूर्ण झाला. आजवर गावातून जाणारी वाहने आता गावाबाहेरून भरधाव निघून जाणार, हे उघड होते. गावातील रेडिओ केंद्राचे मालक वाटसरूंच्या मुलाखती घेत आणि त्यांना मटाराचे डबे भेट देत. पाहुणे विचारीत, 'तो राक्षस कुठे आहे?' या प्रश्नातून पुतळ्याची कल्पना निघाली आणि गावच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून तो उभारला.

या जातीच्या बहुतेक वस्तूंचे मर्म येथे उघड होते. या आरोळ्या आहेत. रस्ता दूर गेल्यावर गावाने मारलेली हाक म्हणजे हा पुतळा. ऑस्ट्रेलियातील गोलबर्न गावात १९८५ साली बांधलेली सुमारे पंधरा मीटर उंचीची मेंढ्याची वास्तू हेच सांगते. १९९२ साली महामार्ग गावाला वळसा घालून गेला, गिऱ्हाईक आटले, आणि २००७ साली तो अवाढव्य मेंढा उचलून नव्या रस्त्याच्या जवळ नेऊन ठेवावा लागला. पुतळ्याने रस्त्याचा पाठलाग करावा, हे दृश्य विनोदी खरे. पण त्या विनोदाच्या पोटी एका गावाची भीती आहे. ती समजून घेतल्यावर ब्लेक यांचा राग मला थोडा निष्ठुर वाटू लागतो.

तथापि सहानुभूती म्हणजे समीक्षा नव्हे. ब्लू अर्थच्या राक्षसाच्या दोन पावलांमध्ये उभे राहण्यासाठी पायऱ्या केल्या आहेत. आम्ही वर चढलो, छायाचित्र काढले, गुळगुळीत हिरव्या पोटरीवर हात ठेवला. तेथे काहीच नव्हते. दुरून जे दिसत होते त्याहून एक कणही अधिक जवळून दिसत नव्हते. हा डब्यावरच्या चित्राचाच मोठा केलेला आकार; त्यात कोणा एका माणसाचा हात ओळखू येत नाही. मराठीने राखून ठेवलेला 'अवाढव्य' हा शब्द येथे चपखल बसतो.

डार्विन या मिनेसोटातीलच खेड्यातला सुतळीचा गुंडा मी याच मापाने मोजणार होतो. फ्रान्सिस जॉन्सन नावाच्या शेतकऱ्याने १९५० साली शेतातील सुतळी गुंडाळायला सुरुवात केली आणि पुढली एकोणतीस वर्षे तो गुंडाळत राहिला. गुंड्याचा व्यास बारा फूट आणि वजन १७,४०० पौंड, म्हणजे जवळजवळ आठ टन झाले. वेटोळे सर्व बाजूंनी सारखे बसावे म्हणून तो रेल्वेचे डबे उचलण्याचे जॅक लावून गुंडा कलता करी. त्याचे वडील मॅग्नस जॉन्सन अमेरिकेच्या सेनेटचे सदस्य होते. बापाचे नाव राज्याच्या इतिहासात आणि मुलाचे नाव सुतळीवर! १९८९ साली तो वारला. आता तो गुंडा गावात, छपराखाली, पारदर्शक भिंतींच्या आत ठेवलेला आहे आणि दर ऑगस्टमध्ये गाव त्याचा उत्सव करते. कॅन्ससमधील कॉकर सिटीत १९५३ साली सुरू झालेला दुसरा गुंडा आहे. त्याच्या कर्त्यानंतरही गावकरी आणि पाहुणे त्यात भर घालीत असल्यामुळे तो वाढतच आहे. म्हणून डार्विनकर 'एका माणसाने गुंडाळलेला सर्वांत मोठा' असा बारकावा आवर्जून सांगतात.

पुष्कळ वेळ मी त्या काचेसमोर उभा होतो. जवळून पाहिले की गुंडा नाहीसा होतो आणि सुतळी दिसू लागते: तिचा पीळ, काळवंडलेला रंग, एका वेटोळ्यावरून तिरपे गेलेले दुसरे वेटोळे. ही काही सुंदर वस्तू नव्हे. पण तिच्यात एकोणतीस वर्षांच्या संध्याकाळी आहेत आणि त्या मोजता येतात. माझ्या नातीने विचारले, "आजोबा, त्याने हे का केले?" मी म्हणालो, "ठाऊक नाही." ती म्हणाली, "मला वाटतं, त्याला थांबता आलं नाही." प्रयोजनशून्य श्रमाची याहून नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही. हा गुंडा अवाढव्य आहेच; पण हिरव्या राक्षसाच्या जातीचा नाही. त्या राक्षसाच्या मागे गावाची वर्गणी आहे, या गुंड्यामागे एका माणसाचे आयुष्य आहे. ते आयुष्य सत्कारणी लागले का, हा प्रश्न ती वस्तू विचारते आणि उत्तर न देता तशीच बसून राहते. एखाद्या कलाकृतीने एवढे करणे काही थोडे नव्हे.

दक्षिण डकोटातील मिचेल येथील मक्याचा महाल या सर्वांत वयोवृद्ध. पहिला महाल १८९२ सालचा, सध्याची इमारत १९२१ सालची. तिच्यावर कांद्याच्या आकाराचे घुमट आणि मिनार १९३७ साली चढले. रशिया आणि अरबस्तान यांची ही मक्याच्या शेतातली सोयरीक पाहून प्रथम हसूच येते. आत गावची मुले बास्केटबॉल खेळतात. बाहेरच्या भिंतींवरील चित्रे मात्र रंगाने काढलेली नाहीत. निरनिराळ्या नैसर्गिक रंगांची कणसे उभी चिरून, खिळ्यांनी ठोकून ती तयार होतात. ऊन, पाऊस आणि पाखरे मिळून ती खाऊन टाकतात, आणि पुढच्या हंगामात नवी चित्रे येतात. अमेरिकन लोक या इमारतीला थट्टेने पाखरांचे सर्वांत मोठे खाद्यपात्र म्हणतात.

पण या भिंतींच्या इतिहासात एक नाव आहे, ते थट्टेत विरून जाऊ नये. १९४८ ते १९७१ या काळात या चित्रांचे आराखडे ऑस्कर हाऊ यांनी केले. हाऊ हे डकोटा जमातीचे, क्रो क्रीक राखीव वसाहतीत जन्मलेले थोर चित्रकार. १९५८ साली त्यांचे एक चित्र 'पारंपरिक इंडियन शैलीत नाही' या सबबीवर स्पर्धेतून बाद झाले, तेव्हा त्यांनी आयोजकांना लिहिलेले निषेधपत्र पुढे आदिवासी कलेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामाच ठरले. आपण काय रंगवावे हे दुसऱ्याने ठरवू नये, म्हणून झगडलेला हा कलावंत वर्षानुवर्षे पाखरे खाऊन टाकणार असलेली चित्रे आखीत होता. नाश ठाऊक असूनही काम नीट करावयाचे, ही वृत्ती मला त्या सगळ्या घुमटांहून उंच वाटते. हिरवा राक्षस कायम टिकण्यासाठी बांधला आहे आणि त्यात काही नाही. मक्याच्या भिंती वर्षभरच्या आहेत आणि त्यांत पुष्कळ आहे.

त्याच महामार्गाने पश्चिमेकडे गेल्यावर वॉल नावाचे गाव लागते. टेड हस्टेड या तरुण औषधविक्रेत्याने वडिलांकडून आलेल्या तीन हजार डॉलरांत १९३१ साली येथील दुकान विकत घेतले. तो आणि त्याची पत्नी डोरोथी कॅथोलिक होते. गाव निवडताना तेथे कॅथोलिक चर्च असले पाहिजे ही त्यांची अट होती, आणि या तीनशे-साडेतीनशे वस्तीच्या ओसाड गावात ते होते. मंदीचा काळ, अवर्षण आणि धूळ. पाच वर्षे वाट पाहायची, असे त्यांनी ठरवले होते. पाच वर्षे संपत आली तरी गिऱ्हाईक नव्हते. १९३६च्या उन्हाळ्यात एका दुपारी डोरोथी बाळांना घेऊन झोपावयास गेली. रस्त्यावरच्या मोटारींच्या आवाजाने तिला झोप लागेना. या उन्हातून जाणाऱ्या माणसांना काय हवे असेल, असा विचार तिच्या मनात आला. पाणी! बर्फाचे थंडगार पाणी, फुकट. टेडने रस्त्यावर पाट्या लावल्या आणि तो दुकानी परतेपर्यंत माणसे येऊ लागली होती.

आज तेथे एक प्रचंड बाजार आहे. जत्रेतले सारे काही मिळते. कॉफी अजून पाच सेंटला देतात. प्रवाशांसाठी एक छोटे प्रार्थनागृहही आहे. पाट्या शेकडो मैल आधीपासून दिसू लागतात आणि महामार्गावर ऐंशी फुटांचा डायनोसॉर उभा आहे. तो बाजार मला आवडला नाही, हे स्पष्टपणे सांगावयास हवे. पण मागच्या बाजूला पाण्याचे ठिकाण आहे, तेथे पेला भरून घेताना कोणी पैसे मागत नाही. तहानलेल्याला दिलेल्या पेलाभर थंड पाण्याचे शुभवर्तमानात काय मोल सांगितले आहे, हे या नियतकालिकाच्या वाचकांना निराळे सांगण्याची गरज नाही. व्यापार आणि आतिथ्य यांची तेथे अशी गुंतवळ झाली आहे की एकातून दुसरे सोडवता येत नाही. डायनोसॉर अवाढव्य आहे; पाणी तसे नाही.

त्या डायनोसॉरचा कर्ता एमेट सुलिवान. रॅपिड सिटीच्या टेकडीवरील डायनोसॉर त्यानेच १९३६च्या सुमारास उभारले होते. माउंट रशमोरच्या डोंगरावर साठ-साठ फुटांचे चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरण्याच्या कामातही त्याचा हात होता. तो डोंगर ज्या ब्लॅक हिल्समध्ये आहे, ती भूमी १८६८च्या तहाने लकोटा लोकांना दिलेली होती आणि नंतर ती त्यांच्याकडून काढून घेण्यात आली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली भरपाईचा निवाडा दिला. लकोटांनी पैसे नाकारले, त्यांना डोंगर हवे आहेत. तेथील भव्यतेपुढे उभे राहताना ही गोष्ट विसरता येत नाही आणि विसरू नये.

याच सुलिवानच्या हातून १९६६ साली आर्कान्सातील युरेका स्प्रिंग्ज येथे प्रभू येशूचा साडेपासष्ट फुटांचा पांढरा पुतळा उभा राहिला. हात फैलावलेले, अंगरखा सरळसोट, चेहरा चपटा. दुधाच्या खोक्याला हात फुटावेत तसे हे शिल्प आहे, अशी त्याची थट्टा अमेरिकेतच झाली आहे, आणि ती अस्थानी नाही. डायनोसॉरच्या बाबतीत चालून जाणारा ठोकळेपणा येथे चालत नाही. येशूच्या आकृतीत आपण शोधतो ती करुणा फुटांत मावत नाही. शिवाय तो पुतळा ज्याच्या पैशाने व हट्टाने उभा राहिला, तो जेरल्ड स्मिथ यहुदीद्वेषाच्या प्रचारासाठी कुप्रसिद्ध होता. यहुदी मातेच्या पुत्राचा पुतळा यहुद्यांचा द्वेष करणाऱ्याने उभारावा, ही विसंगती त्या शिल्पाच्या पायाखालीच पुरलेली आहे. इलिनॉयमधील एफिंगहॅम येथे दोन महामार्गांच्या संगमाजवळ २००१ साली १९८ फूट उंचीचा क्रूस उभारला गेला. दोनशे फुटांवरील बांधकामावर विमानांसाठी इशाऱ्याचा दिवा लावावा लागतो. म्हणून येथे क्रुसाची उंची ठरवताना गोलगोथाबरोबर विमान खात्याचाही विचार झालेला दिसतो. हेतूविषयी मी शंका घेत नाही. पण हा क्रूसही धावत्या गाडीसाठी आहे. धर्माचा विषय घेतल्याने बदकाचे बदकपण जात नाही.

मग धर्मकलेने मोठे होऊच नये काय? परतीच्या वाटेवर आयोवातील वेस्ट बेंड येथे या प्रश्नाला उत्तर मिळाले. फादर पॉल डॉबरस्टाईन जर्मनीत १८७२ साली जन्मले आणि १८९३ साली अमेरिकेत आले. सेमिनरीत असताना न्यूमोनियाने ते मरणाच्या दारी पोहोचले. बरा झालो तर मरियामातेचे स्थान बांधीन, असा नवस त्यांनी केला. १८९८ साली ते वेस्ट बेंडच्या धर्मग्रामात आले आणि दगड जमवू लागले. काळ्या मातीच्या, मक्याच्या त्या सपाट प्रदेशात दगड होते कुठे? ब्लॅक हिल्ससारख्या दूरदूरच्या ठिकाणांहून ते आणले. १९१२ साली बांधकाम सुरू झाले आणि १९५४ साली मृत्यू येईपर्यंत, एका विश्वासू धर्मग्रामवासी मदतनिसाला हाताशी धरून, हा धर्मगुरू स्वतः सिमेंट कालवीत राहिला. तारणाची गुंफा असे तिचे नाव. नऊ गुंफांमधून येशूच्या जीवनातील प्रसंग मांडलेले आहेत. जवळजवळ एका संपूर्ण चौकाएवढी जागा तिने व्यापली आहे.

तेथेही पाटी आहेच: जगातील सर्वांत मोठी गुंफा! नातीने वहीत खूण केली. मी मात्र कसोटी लावण्यासाठी भिंतीजवळ गेलो. अश्मीभूत लाकूड, गारगोटी, अकीक, सूर्यकांत, हिरवा मॅलाकाइट, निळा अझुराइट, आतून स्फटिकांनी भरलेले फोडलेले गोटे. हातभर अंतरात पंधरा-वीस जातींचे दगड, आणि प्रत्येक दगड कोणत्या अंगाने प्रकाशाकडे करायचा याचा विचार झालेला. दुरून ती भिंत करडी, ओबडधोबड, काहीशी गिचमीड दिसते. जवळ जावे तसतशी ती मोठी होत जाते. आजवर पाहिलेल्या सर्व वस्तूंचा क्रम येथे उलटा झाला होता.

नवस पावला म्हणून कला साधतेच असे नाही. तेव्हा दोषही सांगितले पाहिजेत. गुंफांत बसवलेले पांढऱ्या संगमरवराचे पुतळे विकत आणलेले आहेत. ते सफाईदार आहेत आणि कोणत्याही चर्चमध्ये शोभतील. म्हणूनच या भिंतींत ते परके वाटतात. त्यांच्यात त्या हाताची धडपड नाही. रचनेलाही संयम नाही. एक कमान संपते न संपते तोच दुसरी सुरू होते आणि डोळ्याला विसावा मिळत नाही. विस्कॉन्सिनमधील डिकीव्हिल येथे फादर मॅथियस वेर्नेरस यांनी १९२५ ते १९३० या काळात शिंपले, काचा आणि फुटक्या चिनी मातीच्या भांड्यांतून अशीच गुंफा उभारली; तिच्यात तर कोलंबस, वॉशिंग्टन आणि लिंकन यांनाही जागा आहे. धर्म आणि देश यांची ती भाबडी गल्लत वेस्ट बेंडला नाही. डॉबरस्टाईन यांचे दगड एकाच गोष्टीविषयी बोलतात आणि बेचाळीस वर्षे तीच गोष्ट बोलत राहतात.

त्या संध्याकाळी मला डार्विनचा गुंडा आठवला. एकोणतीस वर्षे सुतळी आणि बेचाळीस वर्षे दगड. दोघांनाही थांबता आले नाही. मग फरक कोणता? जॉन्सनची वस्तू आतून भरीव आहे. तिच्यात कोणी शिरू शकत नाही, फक्त भोवती फिरू शकते. डॉबरस्टाईन यांनी पोकळी बांधली. गुंफा म्हणजे दुसऱ्यासाठी राखलेली जागा. एक वृद्ध स्त्री आत शिरून बाकावर बसली, माळ काढली आणि आमच्याकडे न बघता जपू लागली. मोटारीतून हे दिसले नसते. नात वही मिटून तिच्याकडे बघत राहिली आणि "हे किती फूट?" हा तिचा नेहमीचा प्रश्न त्या दिवशी आलाच नाही.

म्हणून आरंभीच्या शब्दांकडे परत येतो. जी वस्तू फक्त दुरून मोठी आहे ती अवाढव्य. जी जवळ गेल्यावर मोठी होते ती भव्य. वेस्ट बेंडच्या गुंफेला मी तिचे दोष मोजूनही भव्य म्हणेन, आणि मक्याच्या भिंतींनाही. थोर हा शब्द मात्र वस्तूला लावू नये, हा मराठीचा दंडक मी मोडणार नाही. तो त्या सिमेंट कालवणाऱ्या हाताला, पाखरांसाठी चित्र आखणाऱ्या हाऊंना, आणि कदाचित भर दुपारी दुसऱ्यांच्या तहानेचा विचार सुचलेल्या त्या माऊलीला लागू पडेल.

उद्या आपल्या धर्मग्रामात एखादे स्मारक किंवा पुतळा उभारावयाचा विचार निघाला, तर सभेत पहिला प्रश्न 'किती फूट?' असा न येता 'जवळ जाणाऱ्याला तेथे काय मिळेल?' असा यावा, एवढीच माझी सूचना आहे. राहता राहिले ते माझे हसणे. ते मी पुरते सोडलेले नाही. हिरव्या राक्षसाला पाहून आजही हसू येईल. फक्त त्या आधी मी गाडीतून खाली उतरेन.